कागदच शे ना, माय!

...आणि वरून मलाच विचारतात, एवढं तोंड पाडून बसायला झालं काय! काय झालं? तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सांगा, कारण आमच्या घरात विचारायची सोयच नाही, आमच्या घरात सगळ्याला एकच उत्तर, आणि ते अक्काचं, म्हणजे माझ्या आईचं, ''कागदच शे ना, माय!'' शे म्हणजे आहे, आमच्या अहिराणीत.

कागद कसले? तर माझ्या भाचीची, चेतनाची चित्रं. चेतना दुसरीत. तिचे पप्पा, म्हणजे माझा अभिमनदादा, फौजेत, पार तिकडे आसामात. वर्षातून एकदा सुटीवर येतो, गणपतीत. गेल्या वर्षी निघताना एसटीच्या खिडकीतून लेकीला म्हणाला, घरात जे जे होईल ते काढून ठेव, आलो की सगळं बघेन. बोलून मोकळा झाला, गेला निघून! पोरीने मनावर घेतलं. भाजीवाल्याचं गाढव पळालं, काढ चित्र. वहिनीचं दूध उतू गेलं, काढ चित्र. आणि प्रत्येक चित्र आणून द्यायची माझ्याकडे, ''आत्या, पप्पा येईपर्यंत सांभाळशील ना?''

मी हो म्हटलं. तुम्हाला सांगते, तिथेच चुकले. पण मी बी. ए. झालेली, वरून ग्रंथालयाचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली, मला वाटलं, त्यात काय एवढं? एक वही केली. क्रमांक, तारीख, विषय. चित्रं फायलीत. कोर्सात आम्हाला वाळवी शिकवली, ओल शिकवली, उंदीर शिकवले... आई-वडील नाही हो शिकवले!

पहिली नऊ गेली चैत्रात. अक्काने ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमचे खानदेशी पापड, केल्या, वाळवल्या, डब्यात भरल्या, आणि दोन थरांच्या मध्ये काय घातलं असेल? पेपर घातला तर म्हणे शाई लागते, हा कागद कसा जाड, आणि एका बाजूने कोरा. अहो, दुसऱ्या बाजूने गाढव पळतंय ना! तर म्हणे, कागदच शे ना, माय. वहिनी सगळं बघत होती, पण ती बिचारी सून, ती काय बोलणार. बोलायला मी, आणि माझं ऐकतं कोण?

मी फाईल कपाटावर ठेवली. तिथे पोचले नाना, माझे वडील. आमचे नाना एसटीतून निवृत्त झाल्यापासून नळाला पाणी येत नाही म्हणून अर्ज लिहितात. आधी कच्चा लिहायचा, मग पक्का, असा नियम. एक दिवस घाईत पक्का राहिला घरात आणि कच्चा गेला नगरपालिकेत, आणि तो होता क्रमांक बारा, 'आत्या सायकलवरून पडली', त्याच्या पाठीवर! मी भांडले. नाना शांतपणे म्हणाले की अर्ज पोचल्याशी मतलब. मग मीच मनाची समजूत घातली, तिथे निदान फायलीत तरी असेल.

आता राहिली बावीस. आणि आला श्रावण, आली कानबाई, आमची खानदेशी देवी, नारळाला नाकडोळे लावून मांडायची. आमच्याकडे कानबाई बसायची म्हणजे आधी घर चुन्याने पांढरंशुभ्र झालंच पाहिजे. मी त्या दिवशी जळगावला, नोकरीच्या मुलाखतीला. परत येते तर घर चकचकीत, फरशी कोरडी, एक शिंतोडा नाही. का नाही? कारण सगळे शिंतोडे झेलले एकवीस चित्रांनी! अंथरली होती ओळीने, दारापासून चुलीपर्यंत. क्रमांक दहापासून पुढे सगळा घरसंसार चुन्याखाली. मी कपाळाला हात लावून बसले. अक्का समोर येऊन म्हणाली... जाऊ द्या, काय म्हणाली ते तुम्हाला पाठ झालंय.

पण एक वाचलं. क्रमांक एकोणतीस, 'माझी आत्या'. हे एवढं गोल तोंड, बटाट्याएवढे डोळे, कपाळभर लाल टिकली. अक्काला वाटलं पोरीने नारळाची कानबाईच काढली. तिने चौरंगावर कानबाईच्या मागे लावलं, हळदकुंकू वाहिलं, नाकावर गव्हाच्या पिठाची गोळी... अहो, माझ्या नाकावर! मी म्हटलं, बसू दे एक दिवस. सोमवारी विसर्जनाला उचलतील तेव्हा अलगद काढून घेऊ, दादाला दाखवायला एक तरी राहील.

सोमवारी सकाळी गल्लीतल्या बायका जमल्या, बाजा लागला, चौरंग डोक्यावर चढायचा, तेवढ्यात मी हात घातला. म्हटलं, ''अक्का, दे ते इकडे. कागदच आहे.''

बाजा थांबला. शेजारच्या मंजुळाबाईंनी कानांना हात लावले. अक्का माझ्याकडे अशी बघते, जणू मी देवाला लाथ मारली.

''असं बोलू नही, माय. कानबाई शे ती.''

बत्तीस कागदांत हाच एक कागद नव्हता! आणि गेले मी, वाजतगाजत, पांझरा नदीत. चेतना काठावर टाळ्या पिटत होती, ''आत्या, तू बुडतच नाहीस!'' घरी आल्यावर मात्र तिने फाईल उघडली, बंद केली, आणि मला हळूच विचारलं, ''आता पप्पांना काय दाखवायचं?'' याला उत्तर कोणत्या कोर्सात शिकवतात?

दादा आला. मी खाली मान घालून वही पुढे केली. क्रमांक, तारीख, विषय. तो वाचत गेला, चेतना शेजारी बसून एकेक चित्र हातवारे करून सांगत गेली, गाढव कसं पळालं, आत्या कशी पडली. शेवटच्या पानाला दादाने वही मिटून मांडीवर घेतली. मग म्हणाला, ही वही मी घेऊन जाणार. तुम्हाला सांगते, वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

परवा तो निघाला. एसटीत बसल्यावर विचारतो, वही कुठे? मी अक्काकडे पाहिलं, अक्काने त्याच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. पलटणीतल्या पोरांसाठी बिबड्या भरल्या होत्या, फुटू नयेत म्हणून थर लावून. फायलीतला जाड कागद तर संपला होता.

अक्काने तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, कागदच शे ना, माय. आणि दादाला म्हटलं, बिबड्या सावकाश काढ रे, मधल्या थरांत तुझ्या लेकीचं वर्ष आहे.