सुधीरला वाचून दाखवलेल्या ओळी

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. जन्मभर कोयनानगरच्या शाळेत शिकवलं, बोलण्याचाच पगार घेतला. पण धाकट्या भावाबद्दल, तो नसताना, चारचौघांत कसं बोलायचं हे मला येत नाही. तरी बोलते. कारण शेवटच्या काळात दिवसभर घरी तो आणि मी, दोघंच असायचो. मीना, तू त्याची बायको, पण दिवसा बँकेत असायचीस. त्या वेळी काय चाललं होतं, ते तुलाही सगळं ठाऊक नाही.

आधी एक गोष्ट. गेले काही दिवस भेटायला येणारे म्हणतायत, सुधीर सरांचे डोळे कॉम्प्युटरनं खाल्ले. नाही हो. साखरेनं खाल्ले. डोळे तपासून घे, म्हणून मीनानं सांगितलं, मी सांगितलं. "जातो की गं पुढच्या आठवड्यात." तो आठवडा आलाच नाही. मला त्याचा राग आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावणार.

आता त्याचं काम. इथं त्याचे कॉलेजातले विद्यार्थी आहेत, त्यांना ठाऊक आहे. विट्याहून आलेल्या आमच्या पाहुण्यांना नसेल. कॉम्प्युटरमध्ये पडद्यावर चित्र उमटवणारी एक चिप असते. तिला कामाला लावणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. सुधीरनं कचेऱ्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर गोळा केले, त्यांवर लिनक्स चढवलं आणि तासगाव भागातल्या शाळांना दिले. लिनक्स म्हणजे अख्खा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम; तो कुणालाही उघडून बघता येतो, दुरुस्त करता येतो. पण त्या चिपचा ड्रायव्हर कंपनीचा होता, कुलूपबंद. पुढे कंपनीनं जुन्या चिपांकडं बघणं सोडलं. लिनक्स नवं झालं, ड्रायव्हर जुनाच राहिला, आणि शाळांतले पडदे काळे पडले. मशीन सुरू, पंखा फिरतोय, पडदा काळा.

तासगावचे हेडमास्तर इथं बसलेत. त्यांना सुधीरनं शब्द दिला होता, मी चालू करून देतो.

त्यानं कंपनीला लिहिलं. फार नम्रपणे लिहिलं. चिप कशी चालते तेवढं सांगा, ड्रायव्हर आम्ही लिहितो. उत्तर आलं, ही माहिती देता येत नाही. मग तो अंदाजानं शिकायला लागला. चिपला काहीतरी सांगायचं, ती काय करते ते बघायचं, लिहून ठेवायचं. देशोदेशीची माणसं हेच करत होती, त्यांच्यात तो सामील झाला. वर्षं गेली. चिप एकदा झोपली की जागी होईना, तिथंच गाडं अडलेलं. आणि त्याच वर्षांत त्याची नजर गेली.

मी निवृत्त होऊन सांगलीला त्याच्याकडं राहायला आले, आणि थोड्याच दिवसांत बातमी आली. कंपनीनं आपला ड्रायव्हर खुला केला. सगळा कोड, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ ओळी, जगासमोर ठेवला. फोनवर ऐकलं त्यानं. मला वाटलं, आनंदानं ओरडेल. त्यानं फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आता उघडला व्हय? आता मी बघू कसा?"

तो कोड नव्या चिपांचा होता. शाळांतल्या जुन्या चिपांचं त्यात नाव नव्हतं. पण सुधीर म्हणाला, "थोरल्या-धाकट्या भावंडांसारख्या असत्यात या, आक्का. धाकटीला जागं करायची रीत कळली, तर थोरलीचं कोडं सुटंल." कॉलेजात तो शुद्ध बोलायचा. घरात माझ्याशी आपल्या गावचं.

कॉम्प्युटर स्वतः वाचून दाखवतो, तशी सोय त्यानं करून घेतली होती. पण त्याला माझ्याकडून हवं होतं. "ते यंत्र धडाधडा वाचतं. तू अडखळतीस, तवा मला इचार करायला वेळ मिळतो."

म्हणून मी वाचायची. मराठी शिकवणारी बाई मी. कंस, स्वल्पविराम, अर्धविराम, मोठं अक्षर, छोटं अक्षर. अर्थ काही कळत नव्हता. दुपारभर वाचायची, आणि तो डोळे मिटून ऐकायचा. मिटायची गरज नव्हती, तरी मिटायचा.

एका दुपारी म्हणाला, "थांब. परत वाच. आधी काय आलं?"

मी म्हटलं, "आधी मेमरीचं नाव आहे, मग चिपच्या घड्याळाचं."

"नक्की?"

"नक्की रे."

त्यानं ती ओळ मला आणखी एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "मी उलटं लिवलं हुतं, आधी घड्याळ जागं करत हुतो. इतकी वर्सं उलटं."

मी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"न्हाई. राग आला. एक ओळ हाय गं ती. येवढी एक ओळ सांगायला त्यांचं काय जात हुतं?"

सांगा ना, मंडळी. काय जात होतं?

मग आम्ही दुरुस्ती करायला बसलो. तो सांगायचा, मी टाइप करायची. शाळेतलं एक मशीन टेबलावर आणून ठेवलं होतं. ते झोपवायचं, उठवायचं.

"काय दिसतंय, आक्का?"

"काळं."

"आता?"

"काळंच आहे."

खोटं बोलावं असं मला फार वाटायचं. दिसलं रे, चित्र दिसलं, असं म्हणावं. पण त्याच्या कामात खोटं चालत नाही. मी काळं म्हणत राहिले. एके दिवशी रेघा आल्या, हिरव्या, आडव्या. मी ओरडलेच. तो हसला. त्यानंतर तो हसलेला मला आठवत नाही.

मग मूत्रपिंडं गेली. मिरजेला दवाखान्यात दाखल केलं. तिथं खाटेवरून त्यानं मला शेवटचं काम सांगितलं. "जेवढं केलं तेवढं समद्यास्नी पाठवून दे."

मी म्हटलं, "अरे, पण ते अजून चालत नाही."

"चालत न्हाई ते पण लिव. कुठं अडलं ते लिव. न्हाईतर कुणीतरी परत त्याच वाटंनं जाईल आणि त्याचीबी वर्सं जातील."

मी तसं लिहून त्या देशोदेशीच्या माणसांना पाठवलं. तो ऐकायला होता, तोवरच पाठवलं. तिसऱ्याच कुठल्या देशातल्या माणसाचं उत्तर आलं, तेव्हा तो नव्हता. त्या माणसानं लिहिलंय, त्याच्याकडच्या मशीनवर चित्र उमटलं. आपल्या शाळांतल्या मशीनवर अजून नाही. हेडमास्तर, तुम्हाला मी नवा शब्द देत नाही. मला तो पाळता येणार नाही. सुधीरच्या विद्यार्थिनी परवा आल्या आणि टेबलावरचं मशीन उचलून घेऊन गेल्या. एवढंच तुम्हाला सांगते.

त्याच्या आत्म्याला शांती मिळो, असं मी म्हणणार नाही. तो शांत गेला नाही. काम अर्धं टाकून गेला, आणि ते त्याला कळत होतं.

आता ज्यांना उठता येईल त्यांनी उठा, ज्यांना येणार नाही त्यांनी बसून राहा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

सुधीर, थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला नमस्कार करायचा नसतो. आज करते. घे बाबा.