फी भरायच्या आधी

माझं नर्सिंगचं ॲडमिशन कुठं अडलं, ते ऐका. राहात्याजवळच्या एका खासगी कॉलेजात दादा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन गेले. फी भरमसाट होती. तिथल्या मॅडम एसी वर्ग, बस, गणवेश दाखवत होत्या. मला तर सगळंच आवडलं होतं.

दादा म्हणाले, "गाय घेताना आमी आधी धार काढून बघतो. तुमची शेवटच्या वर्षाची एक पोरगी बोलवा."

पोरगी आली. दादांनी बाही वर सारून हात पुढं केला. "काढ बाई रक्त."

ती रडकुंडीला आली. "काका, आम्ही फक्त बाहुलीलाच सुई टोचलीय. हॉस्पिटलात कधी नेलंच नाही."

दादांनी बाही खाली घेतली आणि मॅडमना म्हणाले, "मंग फी बी बाहुलीकडूनच घ्या."