लिंबाजवळचं मागं बघणं

संभाजीनगरच्या स्टँडवर वैजापूरच्या गाडीची वाट बघत असलेल्या दिग्दर्शक विश्वजीतच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या दोन बायकांच्या तोंडून त्याच्याच पहिल्या सिनेमाच्या गप्पा आल्या. त्यातला मेंढपाळ शेवटी मागं वळून का बघतो, यावर त्यानं वीस वर्षं भाषणं दिली होती.

“सखूबाई, तुमचे मालक सिनेमात होते म्हणं?”

“व्हय. वढ्यापासून लिंबापर्यंत नुसते चालले. ‘तुमच्या चालीनं जा,’ म्हणला सायेब. मधी हटकलं नाय.”

“लोक लई कंटाळले आसतील!”

“झोपले! पण हे गेल्यापासून मी नातीच्या मोबाइलवर रोज बघते. लिंबाजवळ थांबून मागं बघतेत.”

“कुणाकडं?”

“माझ्याकडं. भाकर घ्यायची इसरले व्हते; मी कॅमेऱ्यामागं ती फडक्यात धरून उभी.”