चासीवरचं डांबर

(डोंगरातलं गाव. मोफेथेची जुनी गाडी लिकेलेली विकत घेणार आहे; मेकॅनिक थेबे ती तपासतोय.)

थेबे : हळू, लिकेलेली आउसी. डावीकडे फिरव… बस. आता उजवीकडे. चाकं हलली का?

लिकेलेली : मला काय दिसणार? मी सीटवर, तू गाडीखाली!

थेबे : मग मी सांगतो. नाही हलली. चार बोटं स्टेरिंग फिरलं तरी चाकं जागच्या जागी.

मोफेथे : जुनी फोर-व्हील आहे बाबा, थोडा प्ले, ढिलेपणा असणारच. अकरा वर्षं चालवतोय मी. घेणाऱ्याला घाबरवू नकोस.

थेबे : मोफेथे न्ताते, विकणारे तुम्ही, तपासणारा मी. जॅक अजून थोडा चढवा.

लिकेलेली : थेबे, पाया पडते, लवकर कर. खिंडीवरचे ढग बघ. जे सैल असेल ते आवळ आणि मला जाऊ दे.

थेबे : एवढी कसली घाई?

लिकेलेली : पुलेंगला न्यायचंय रे! पाय असे सुजलेत की बोट दाबलं तर खड्डा राहतो. सकाळपासून डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत तिच्या. नर्सने हात टेकले. आजच्या आज खिंडीपलीकडे मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाली. टॅक्सीवाल्यांनी बर्फाच्या भीतीने कालपासून गाड्या काढल्या नाहीत. आठव्या महिन्यातल्या बहिणीला घोड्यावर बसवू?

मोफेथे : तुम्ही तर म्हणालात, मक्याची पोती न्यायला गाडी हवी.

लिकेलेली : खरं सांगितलं असतं तर भाव चढवला असतात.

थेबे : चाक वरखाली हलवून बघितलं, बेअरिंग ठीक. आडवं हलवलं तर चाकं वळवणाऱ्या टाय-रॉडचा सांधा सैल. तो आहे माझ्याकडे, बदलतो. आउसी, परत स्टेरिंग फिरव. झटक्यात. अजून… थांब! थांब म्हणतो ना!

लिकेलेली : काय झालं?

थेबे : चाकाआधी स्टेरिंगचा डबाच हलतोय. न्ताते, इथे चासीवर डांबर कोणी फासलं?

मोफेथे : ते… गंज लागू नये म्हणून.

थेबे : गंज काय एवढ्या वीतभर जागेलाच लागतो? हे बघा, पान्याने खरवडलं. नख आत जातंय. डबा बसवलाय तिथेच चासीला, गाडीच्या सांगाड्याला चीर आहे.

लिकेलेली : म्हणजे?

थेबे : म्हणजे उतारावरच्या एखाद्या वळणाला तू स्टेरिंग फिरवशील आणि गाडी सरळ दरीत जाईल.

लिकेलेली : मी हळू चालवीन.

थेबे : हळू गेलीस तर हळू पडशील.

लिकेलेली : आणि गेलेच नाही तर? ती माझ्या मांडीवर जाईल, थेबे! मी नुसती बघत बसू? न्ताते, हे पैसे घ्या आणि किल्ली द्या.

थेबे : देऊ नका! न्ताते, माझ्या डोळ्यांत बघून सांगा. तुमच्या बायकोला बसवाल ह्या गाडीत?

मोफेथे : ती बसत नाही. मागच्या हिवाळ्यात दगडावर आदळलो तेव्हा शेजारी होती. तेव्हापासून बाजाराला पायी जाते. डांबर मीच फासलं.

लिकेलेली : माझ्या बहिणीचं ऐकल्यावरही गंजाचं सांगितलंत?

मोफेथे : तोंडातून निघून गेलं, आउसी. लाज वाटते.

थेबे : लाज नंतर. जनरेटर सुरू करा. चिरेवर पोलादी पट्टी वेल्ड करतो, दीड तास लागेल. पण हे ठिगळ आहे. एकदा खिंड ओलांडून देईल, तेही नशिबाने.

मोफेथे : कर तू. किल्ली मात्र मी देणार नाही.

लिकेलेली : आता काय आणखी?

मोफेथे : चालवणार मी. ही कुठे ओढते ते माझ्या मनगटांना ठाऊक आहे.

(दुपार. खिंडीचा उतार, बर्फ पडतंय. मोफेथे गाडी चालवतोय. मागच्या सीटवर लिकेलेलीच्या मांडीवर पुलेंगचं डोकं.)

मोफेथे : बोलत राहा तिच्याशी.

लिकेलेली : ती उत्तर देत नाही. न्ताते, अंग ताठ झालं हिचं! झटका आलाय! थांबा, गाडी थांबवा!

मोफेथे : इथे ब्रेक दाबला तर घसरू. कुशीवर वळवा तिला. घट्ट धरा.

लिकेलेली : पुलेंग! ए पोरी, बघ ना माझ्याकडे… न्ताते, कडा! आपण कडेला चाललोय!

मोफेथे : ओढतेय गाडी. धरलीय मी. तुम्ही बाहेर बघू नका, बहिणीकडे बघा.

लिकेलेली : श्वास… घेतेय. घेतेय हो श्वास!

मोफेथे : अजून चार वळणं. मोजा माझ्याबरोबर.

लिकेलेली : मोजायचं सुचत नाही मला.

मोफेथे : मग शिव्या द्या. हक्क आहे तुमचा.

लिकेलेली : पोचल्यावर देईन.

मोफेथे : हे शेवटचं… वळली. ते बघा, दवाखान्याचं फाटक.

लिकेलेली : अहो, कोणीतरी या! स्ट्रेचर आणा!

मोफेथे : जा तुम्ही तिच्याबरोबर. मी आहे इथेच.

(थोड्या वेळाने. लिकेलेली दवाखान्यातून बाहेर येते.)

लिकेलेली : न्ताते… अजून गाडीतच? आत्ताच बाहेर येऊन सांगितलं डॉक्टरांनी. तिचे आणि बाळाचे, दोघांचेही ठोके नीट लागताहेत. पोट कापून बाळ काढणार आहेत. चला, आत शेगडी पेटवलीय.

मोफेथे : तुम्ही व्हा पुढे, आउसी. माझी बोटं स्टेरिंगवरून सुटत नाहीयेत अजून.