शिक्क्याचं झाड

लाकडाच्या दुकानात नर्सच्या पुढे एकच आजी होत्या, पण त्यांचं काही आटपेना. नर्स कपाटाच्या मापांचा कागद पंख्यासारखा हलवत उभी राहिली.

"आजी, ही परदेशी फळी बघा," दुकानदार म्हणाला. "आरशासारखी! गाठ म्हणून सापडायची नाही."

"मला आपल्या वरच्या रानातलीच हवी. बाक करायचाय."

"ती कोण घेतंय आता? गिऱ्हाईक नाही म्हणून तोड नाही, विरळणी नाही. झाडं नुसती एकमेकांच्या उरावर उभी आहेत. खाली उन्हाचा कवडसा पोचत नाही."

"माहीत आहे मला. कुठलं काढायचं नि कुठलं वाढू द्यायचं, ते आमचे हेच ठरवायचे. काढायच्या झाडावर हातोडीनं शिक्का मारायचे."

"म्हणजे तुम्ही फॉरेस्ट गार्डसाहेबांच्या घरच्या! अहो, त्यांनी शेवटचे शिक्के मारलेली झाडं चार वर्षं तशीच उभी आहेत."

"मग त्यांतलंच एक पाडा. मी थांबेन."

"महिना जाईल."

"जाऊ दे. फक्त शिक्क्यावर रंधा मारू नका. तो तुकडा बाकाच्या हातावर बसवा."

"ओबडधोबड दिसेल की!"

"त्यांना कुठं दिसतंय आता? बोटांना लागला की ओळखतील."

नर्सचा कागद हलायचा थांबला.

"पण आजी, एका झाडानं रान मोकळं होतं का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही हो. पण रोज सकाळी विचारतात, 'यंदाची विरळणी झाली का गं?' मी म्हणते, झाली. एका झाडापुरतं तरी खरं बोलेन."