निकेलचा पिवळेपणा

प्लेटिंगवाल्याच्या काउंटरवर जुन्या गाडीचा बंपर होता. माझ्या पुढे बहीण-भाऊ उभे होते.

“क्रोम करा. लखलखीत.”

“दादा, मुळात निकेल आहे. आतल्या बाजूला बघ, तो पिवळसरपणा अजून दिसतोय.”

“आत कोण बघतंय? फरक कुणाला कळणार आहे?”

“बाबांना. तू दिव्यांच्या कड्या क्रोम करून बसवल्यास, तेव्हापासून रोज विचारतात, ही कुणाची गाडी दारात लावलीय.”

“ते मलाही रोज विचारतात, आपण कोण म्हणून. त्याला काय करू?”

“हळू बोल.”

“साहेब, काय ते ठरवा. एकदा टाकीत सोडला की जुना थर गेला.”

“दादा?”

“निकेल करा. कड्याही उद्या आणून देतो. गाडी तरी ओळखू दे त्यांना.”