कढीपत्त्यावरचा शेवटचा कोष

...आणि पंखा लावायचा नाही! ऑक्टोबरात! मुलुंडमध्ये! तुम्हाला सांगते, मी घामाने निथळतेय आणि समोर कढीपत्त्याच्या फांदीला चिकटलेला तो... हिरवा, बोटाच्या पेराएवढा कोष! त्याला डोळे नाहीत हो, तरी बघतो!

हौसेने नाही आणलेला! आमच्या रश्मीताईंनी, शाळेत लायब्ररियन आहेत त्या, पार्किंगमागचा कचरा उपसून फुलपाखरांची बाग केली, आम्ही दहाबारा जणांनी माती वाहिली, कुंड्या मांडल्या, आणि सेक्रेटरी नंदकिशोरकाका काय म्हणतात? "डासांचा धूर मारणारच! डेंग्यू झाला तर तुमची फुलपाखरं येणारेत का सलाईन लावायला?" मारला धूर. सातांतले सहा कोष गेले. उरलेला रश्मीताईंनी कुंडीसकट माझ्या हातात दिला. "गंधाली, आता दर रविवारी धूर आहे गं. फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत तुझ्या खोलीत ठेव. बागेतला शेवटचाच आहे." शेवटचा! असं घाबरट माणसाला सांगतात का कोणी?

म्हणून पंखा बंद. उडालं आणि पात्याला लागलं तर? आई रोज दारातून, "अगं, दोनच पानं दे ना, फोडणी जळतेय!" "हात लावू नकोस!" मी ओरडायचे, आई दचकून कुंडीला धडकायची, तो आतून झटका द्यायचा, की मी किंचाळून पलंगावर! कपडे बदलायला बाथरूममध्ये जायचे, स्वतःच्या खोलीतून! त्याला डोळे नाहीत हो, तरी बघतो!

अकराव्या दिवशी तो काळपट पडला. आता पंख! ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांच्या टाळ्या. दुपारी बघते तर कोषाला टाचणीएवढं भोक... त्यातून एक बारीक काळी माशी. मग दुसरी. मग... पुढचं मी उशीत तोंड खुपसून ऐकलं!

रश्मीताई धावत आल्या. बघितलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "गांधीलमाशीसारखीच असते गं, अगदी बारीक. कोष कोवळा असतानाच आत अंडी घालते. तू आणलास तेव्हाच... तो संपला होता."

म्हणजे अकरा दिवस माझ्याकडे बघत होतं ते कोण?

ढसाढसा रडले हो. ताई पाठीवरून हात फिरवून गेल्या. संध्याकाळी बेल. दारात परत त्याच, हातात लिंबाची कुंडी. "शेजारच्या सोसायटीतून मागून आणलेत, तीन कोष आहेत. ठेवशील ना गं?"

ठेवली. करते काय? बागेत दुसरं आहे काय आता? तिघांनाही डोळे नाहीत, तिघंही बघतात. आत कोण, ते मी विचारत नाही. खिडकी उघडी ठेवते आणि हात जोडून एवढंच सांगते, जे कोण असाल ते असा, फक्त बाहेर येताना आवाज द्या!